निळ्या गुच्छाचा मोह आणि आपली माती

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या नर्सऱ्यांत दर्शनी जागा हायड्रेंजियाच्या कुंड्या पटकावतात. वीतभर उंचीचं झाड आणि त्यावर नारळाएवढा निळा किंवा गुलाबी गुच्छ. पाहणारा थबकतो, किंमत ऐकून जरा कुरकुरतो आणि तरीही एक कुंडी गाडीत ठेवून घरी आणतो. गुच्छ महिना-दीड महिना टिकतो, पाहुणे कौतुक करतात. मग मार्च येतो, पानं दुपारी माना टाकू लागतात, आणि एप्रिलअखेर कुंडीत काटक्या उरतात. पुढच्या डिसेंबरात पुन्हा नवी कुंडी.

यात दोष ना झाडाचा, ना तुमच्या हाताचा. हायड्रेंजिया घेण्याआधी दोन प्रश्न विचारायचे असतात आणि ते सहसा कुणी विचारत नाही. आपण राहतो कुठे, आणि हा हायड्रेंजिया नेमका कोणता? छाटणी, रंग, पाणी, खत या सगळ्यांची उत्तरं या दोन प्रश्नांतच आहेत.

आधी फूल नीट पाहू. गुच्छातली जी चार-चार 'पाकळ्यांची' फुलं आपण पाहतो, त्यांतल्या पाकळ्या पाकळ्या नाहीतच. ती निदलं आहेत, फुलाच्या बाहेरच्या वेढ्याची, रंगून मोठी झालेली. सह्याद्रीत पावसाळ्यात हिंडणाऱ्यांना हा प्रकार परका नाही. भूतकेसाच्या झुडपावर नारिंगी फुलांशेजारी जे पांढरंशुभ्र पान लांबून चमकतं, तेही निदलच. हायड्रेंजियाच्या रानटी रूपात ही रंगीत फुलं गुच्छाच्या फक्त कडेला असतात, आठ-दहा. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्यांची दाटी असते. कळी उमलली की खऱ्या, इवल्या पाकळ्या गळून जातात आणि पुंकेसरांचा निळसर झुबका वर येतो. परागकण असतात ते तिथे, बी धरतं ते तिथे. कडेची मोठी फुलं जवळजवळ वांझ. त्यांचं काम कीटकांना लांबून खुणावण्याचं.

बाजारातला हायड्रेंजिया, म्हणजे शास्त्रीय नावाने हायड्रेंजिया मॅक्रोफिला, मूळचा जपानच्या प्रशांत महासागराकडच्या किनाऱ्याचा. इझू द्वीपकल्प आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर तो आजही रानात आढळतो. तिथलं रानटी फूल चपटं, मधे कळ्या आणि कडेने झालर असं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत वांझ फुलं वाढवली, सुपीक फुलं कमी केली, तेव्हा हा भरगच्च चेंडू तयार झाला. जपानात तो फुलतो जूनमध्ये, तिथल्या पावसाळ्यात. कामाकुराच्या मेइगेत्सु-इन देवळात या दिवसांत छत्र्या घेऊन रांगा लागतात. ढगाळ आभाळ, ओली हवा, गार रात्री, पाण्याचा निचरा होणारी डोंगरउताराची माती असा त्याचा संसार. आपल्या घरी यातलं काय आहे, याचा हिशेब मांडूनच पुढे जावं.

तुमच्या गावात जमेल का?

महाबळेश्वर-पाचगणीत उत्तम जमतं. साडेतेराशे मीटरच्या आसपासची उंची, जांभ्यावरची तांबडी आम्लधर्मी माती, लांबलेला गारवा. तिथे झाडाला थेट जमिनीत लावा आणि कडक उन्हाळ्यात पाणी चुकवू नका, एवढं बहुतेक पुरतं. उटी, कोडाईकनाल, मुन्नारकडे गेलेल्यांनी चहाच्या मळ्यांकडेला आणि जुन्या बंगल्यांच्या कुंपणाला त्याचे निळे ताटवे पाहिले असतील. तेही याच हवेचं आणि मातीचं देणं.

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात कुंडीत जमतं, पण मेहनत आहे आणि फुलांची हमी नाही. कारण असं, की या झाडाला कळी धरायला सहा ते आठ आठवडे साधारण १८ अंशांच्या खालचं तापमान लागतं आणि धरलेली कळी पक्की व्हायला त्याहून जास्त गारवा. बाजारासाठी वाढवणारे झाडाला सहा आठवडे शीतगृहात ठेवतात, मग उबेत आणून फुलवतात आणि बऱ्याचदा वाढ रोखणारं औषध देऊन बुटकं ठेवतात. तुम्ही आणलेली ती वीतभर कुंडी अशी घडवलेली असते. तुमच्या गच्चीत ते झाड दोन-तीन फूट वाढेल, फांद्या लांबतील. त्याला रोग समजू नका, ते आता आपल्या मूळ बांध्यावर येतंय. पुण्याच्या थंडीत कळी धरते, काही वर्षी धरत नाही. खरी परीक्षा असते ती चाळिशीला टेकणाऱ्या एप्रिल-मेची.

मुंबई, ठाणे आणि कोकण-गोव्याच्या किनारपट्टीत माझं मत स्पष्ट आहे: फुललेली कुंडी आणा, महिनाभर डोळे भरून पाहा आणि तिला फुलदाणीतल्या फुलांसारखं समजा. झाड जगवता येईल, नुसती पानं वाढतील, दुसऱ्यांदा गुच्छ येण्याची आशा धरू नका. विदर्भ-मराठवाड्यात तर मे महिन्यात पानंही टिकवणं अवघड. तिथे त्याच पैशात मोगऱ्याची चार झाडं येतील आणि ती वर्षानुवर्षं फुलतील.

कुंडी, सावली, पाणी

घाटमाथ्यावरच्या आणि देशावरच्या वाचकांसाठी हा भाग जरा सविस्तर.

कुंडी बारा ते चौदा इंची घ्या, मातीची असेल तर बरं. तळाला भोकं मोकळी हवीत. नर्सरीतून आणलेलं झाड फूल असताना हलवू नका. गुच्छ उतरला की कुंडी बदला. काळी माती अजिबात नको. देशावरच्या काळ्या मातीचा सामू बहुधा साडेसात-आठच्या पुढे असतो, तीत चुनखडी असते आणि पाणी धरून ती चिकट होते. हायड्रेंजियाच्या बारीक मुळांना यातलं काहीच मानवत नाही. जांभ्याची तांबडी माती, धुतलेलं कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं पानांचं खत समप्रमाणात घ्या, त्यात मूठभर जाड वाळू मिसळा. बांधकामाच्या जागेवरून उचललेली 'लाल माती' मात्र तपासून घ्या. त्यात सिमेंट-चुन्याचा कचरा असला तर सामू वर जातो.

जागा अशी हवी की सकाळी नऊ-दहापर्यंतचं कोवळं ऊन मिळेल आणि नंतर सावली. पूर्वेकडची गॅलरी सर्वांत चांगली. पश्चिमेच्या गॅलरीत ग्रीननेट लावूनही दुपारनंतरची तापलेली भिंत झाडाला भाजून काढते. दाट सावलीत झाड जगतं, पण फुलत नाही.

पाण्याबद्दल एक सवय लावून घ्या. दुपारी पानं लोंबली म्हणून लगेच तांब्या उचलायचा नाही. पानं मोठी, पातळ. कडक उन्हात मुळं जितकं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त पानांतून उडून जातं, म्हणून माती ओली असतानाही झाड माना टाकतं आणि संध्याकाळी आपोआप सावरतं. मातीत बोट दोन पेरं खुपसा. ओल लागली तर पाणी देऊ नका, कुंडी सावलीत सरकवा. कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत द्या. सकाळीही पानं लोंबलेलीच असतील आणि माती ओलीच असेल, तर मुळं कुजताहेत असं समजा. तिथे आणखी पाणी म्हणजे आगीत तेल. उन्हाळ्यात मातीवर वाळक्या पानांचं तीन-चार बोटं आच्छादन ठेवलं की अर्धी काळजी मिटते.

धरणाचं, नळाला येणारं पाणी बहुधा चालतं. बोअरचं आणि टँकरचं पाणी मात्र हळूहळू नुकसान करतं. त्यातले क्षार कुंडीत साचतात, सामू चढतो, आणि पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. चिलेटेड फेरसची फवारणी तात्पुरती कामी येते, पण पाणी तेच राहिलं तर महिन्याभरात पानं पुन्हा तशीच. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप लावून पाणी साठवता आलं तर ते या झाडासाठी राखून ठेवा.

गुलाबीचा निळा करायचाय?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि यावर सांगोवांगीचे उपायही भरपूर. कुंडीत गंजलेले खिळे पुरा, कॉफीचा चोथा घाला, निळीचं पाणी द्या. खिळ्यांतलं लोखंड फुलाला निळं करत नाही. कॉफीच्या चोथ्याने मातीचा सामू फारसा हलत नाही. निळीचं तर बोलायलाच नको.

रंगाचं यंत्र असं आहे. गुलाबी आणि निळ्या फुलातलं रंगद्रव्य एकच असतं, डेल्फिनिडिन नावाच्या कुळातलं. फुलात ॲल्युमिनियम पोचलं की ते या रंगद्रव्याशी आणि फुलातल्याच दुसऱ्या काही द्रव्यांशी जोडलं जातं आणि रंग निळा दिसू लागतो. ॲल्युमिनियम नाही मिळालं तर गुलाबी. आता ॲल्युमिनियम तर बहुतेक सगळ्या मातींत असतं, मग अडतं कुठे? ते मुळांना मिळेल अशा विरघळलेल्या रूपात फक्त आम्ल मातीतच राहतं. सामू साडेपाचच्या खाली असेल तर निळा, साडेसहाच्या वर गुलाबी, मधल्या पट्ट्यात जांभळट किंवा एकाच झाडावर दोन्ही. जांभ्याची माती आम्ल आणि ॲल्युमिनियमने समृद्ध, म्हणून तिथे निळ्याला अनुकूल. काळ्या चुनखडीच्या मातीत तेच रोप गुलाबी होणार. महाबळेश्वरहून हौसेने आणलेलं निळं रोप पुण्यात पुढच्या वर्षी गुलाबी फुललं, तर नर्सरीवाल्याने फसवलं असं म्हणू नका. भिंतीलगतच्या झाडाची भिंतीकडची बाजू गुलाबी आणि बाहेरची निळी, असंही दिसतं. सिमेंटचा चुना मुळांशी उतरतो त्याचा तो परिणाम.

निळा करण्यासाठी बागकामात ॲल्युमिनियम सल्फेट वापरतात. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा, आधी साध्या पाण्याने माती ओली करून मग हे द्रावण, आणि कळ्या धरण्याआधीच्या काळात महिन्याच्या अंतराने दोन-तीनदा. जास्त दिलं तर मुळं जळतात, म्हणून 'थोडं आणखी' हा मोह टाळा. ॲल्युमिनियम सल्फेट मिळालं नाही तर घरातली तुरटी चालते. तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. तिच्यात ॲल्युमिनियम थोडं कमी असतं, पण जोडीला पालाश मिळतो आणि निळ्या रंगाला पालाश मानवतो. प्रमाण तेच ठेवा, कुटून, पूर्ण विरघळवून.

आता सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट: स्फुरद. मातीत स्फुरद जास्त झालं की ते ॲल्युमिनियमला अडकवून ठेवतं. म्हणजे एकीकडे तुरटी घालायची आणि दुसरीकडे हाडांचा चुरा, सुपर फॉस्फेट किंवा डीएपी द्यायचं, हे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणं. निळा हवा असेल तर १९:१९:१९ सुद्धा बाजूला ठेवा आणि द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचं १३:००:४५ लिटरला एखादा ग्रॅम, पंधरा दिवसांनी द्या. गुलाबी हवा असेल तर उलटं, स्फुरद द्या आणि तुरटीला हात लावू नका. काळ्या मातीतच, जमिनीत लावलेल्या झाडाला निळं करायचा अट्टहास मात्र सोडा. तिथली चुनखडी तुमची तुरटी लगेच गिळून टाकेल. देशावर निळं फूल हवं तर कुंडीच.

पांढऱ्या जाती पांढऱ्याच राहतात, कितीही तुरटी घाला. आणि रंग बदलतो तो पुढच्या बहराला. उमललेला गुच्छ रात्रीत निळा होत नाही.

कात्री कधी चालवायची?

'झाड छान वाढतंय, पण फूलच नाही' ही तक्रार कायम येते, आणि बरेचदा तिचं मूळ छाटणीत असतं. मॅक्रोफिला जुन्या फांदीवर फुलतो. यंदाच्या फांदीच्या शेंड्याशी थंडीत जी कळी बसते, तीच पुढच्या बहरात उमलते. गुलाबाच्या सवयीने ऑक्टोबरात कात्री चालवली की पुढच्या वर्षाचं फूल कचऱ्यात गेलं. म्हणून गुच्छ सुकला की लगेच, त्याच्या खालच्या पहिल्या टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीवर काप द्या. ऑगस्टनंतर कात्री खुंटीला. दोन-तीन वर्षांनी जुन्या, जाड झालेल्या एक-दोन फांद्या बुडापासून काढल्या की नवे फुटवे येतात.

परदेशातल्या, विशेषतः अमेरिका-इंग्लंडमधल्या मराठी वाचकांसाठी इथे वेगळं सांगायला हवं, कारण तुमच्या अंगणात एकाहून जास्त जाती असतात आणि प्रत्येकीचा नियम निराळा. मॅक्रोफिलाचा सुकलेला गुच्छ तिकडे हिवाळाभर झाडावरच राहू द्या. तो खालच्या कळ्यांना हिमदवापासून थोडा आडोसा देतो. कडक थंडी सरल्यावर काढा. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी एप्रिलचं उशिराचं हिमदव फुगलेल्या कळ्या मारतं आणि झाड पानांचंच राहतं. यावर तोड म्हणून २००४ साली 'एंडलेस समर' ही जात बाजारात आली. ती जुन्या आणि नव्या अशा दोन्ही फांद्यांवर फुलते. ओकसारख्या कातरलेल्या पानांचा क्वेर्सिफोलियाही जुन्या फांदीवरचा. अमेरिकेच्या आग्नेय भागातलं हे रानटी झुडूप शरद ऋतूत पानांनी वाइनसारखं लाल होतं, आणि १९९९ पासून ते अलाबामाचं राज्य रानफूल आहे. त्याला तर छाटायलाच जाऊ नये. याउलट पॅनिक्युलाटा, म्हणजे शंकूसारख्या पांढऱ्या गुच्छांचा, आणि अमेरिकेच्या जंगलातला आर्बोरेसन्स हे दोघे नव्या फुटव्यावर फुलतात. त्यांना हिवाळ्याच्या शेवटी बिनधास्त छाटा. पॅनिक्युलाटाचा पांढरा पुढे गुलाबी होतो तो गार रात्रींमुळे, मातीचा त्यात हात नाही. चारांपैकी दोघांना कात्री मानवते आणि दोघांना नाही, हे ध्यानात असलं की पुरे.

आर्बोरेसन्सचा विषय निघालाच आहे तर 'ॲनाबेल'ची गोष्ट सांगतो. इलिनॉय राज्यात ॲना नावाचं गाव आहे. १९१० साली तिथल्या हॅरिएट कर्कपॅट्रिक यांना घोड्यावरून जाताना रानात एक आर्बोरेसन्स दिसला. इतर झुडपांना चपटे, विरळ गुच्छ, आणि याला मात्र भलाथोरला पांढरा चेंडू. नंतर ते झाड घरच्या अंगणात आलं, शेजारणीपाजारणींत कलमं वाटली गेली, आणि अर्धशतक ते त्या गावापुरतंच फिरत राहिलं. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाचे जोसेफ मॅकडॅनियल यांनी ते बाजारात आणलं आणि 'ॲनाबेल' जगभर गेलं. त्याचा एक दोष सगळ्यांना माहीत असतो: जोराचा पाऊस झाला की जड डोकी भुईला टेकतात. छाटताना फांद्या दीड-दोन फूट ठेवल्या तर खोडं जरा तगडी होतात आणि हा त्रास कमी होतो.

रोपं वाढवणं सोपं. जुलै-ऑगस्टात, फूल न आलेल्या फांदीचा चार ते सहा इंचांचा शेंडा घ्या, खालची पानं काढा, वरची दोन अर्धी कापा आणि ओल्या कोकोपीट-वाळूत सावलीत खोचा. पावसाळी हवेत तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. कीड-रोगांत उन्हाळ्यात लाल कोळी आणि पावसाळ्यानंतर भुरी, एवढ्या दोघांवर नजर ठेवा. कोळी पानाच्या खालच्या बाजूला असतो, तिथे पाण्याचा फवारा मारला तरी निम्मा आटोक्यात येतो.

कापलेलं फूल फुलदाणीत तासाभरात मान टाकतं, अशी तक्रार असते. सकाळी कापा, देठ तिरका छाटून टोक अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धरा किंवा कुटलेल्या तुरटीत बुडवा, मग पाण्यात ठेवा. तरीही मलूल झालं तर अख्खा गुच्छच पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. या फुलाची निदलंही पाणी शोषतात. तुरटीचा इथेही उपयोग होतो, तेव्हा खडा हाताशी असू द्या.

एक इशारा मात्र ठळकपणे. हे झाड विषारी आहे, पानं, कळ्या, फुलं सगळंच. खाल्ल्यास उलट्या, मळमळ, चक्कर. जपानात २००८ च्या जूनमध्ये उपाहारगृहांत पदार्थांखाली सजावटीला ठेवलेली हायड्रेंजियाची पानं खाऊन माणसं आजारी पडल्याच्या घटना घडल्या. हल्ली आपल्याकडेही केकवर आणि मिठाईच्या ताटांत खरी फुलं खोचायची टूम आली आहे. हायड्रेंजिया तिथे नको, नैवेद्याच्या पानाशेजारीही नको. घरात रांगतं मूल, कुत्रा, मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

मधमाशीचा वाटा आणि रानाची हद्द

भरगच्च चेंडू माणसाला आवडतो, मधमाशीला त्यात फारसं काही मिळत नाही. वांझ फुलांत ना पराग, ना मध. अमेरिकेत डेलावेअरमधल्या माउंट क्युबा सेंटरने आर्बोरेसन्सच्या अनेक जाती शेजारी शेजारी लावून पाहिल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. कीटक झालरीच्या फुलांकडे जास्त जातात, चेंडूंकडे कमी, हे त्यांत स्पष्ट दिसलं; आणि एकूण कामगिरीत पहिली आली ती 'हास हेलो' ही झालरीचीच जात. तिकडे राहणाऱ्यांनी अंगणात एक तरी झालरवाला लावावा. आर्बोरेसन्स तिथला मूळचा रहिवासी आहे, त्याच्या पानांवर वाढणारा एक मोठा पतंगही तिथे आहे, म्हणून तो लावण्यात दुहेरी लाभ. हरणं मात्र त्याचा फडशा पाडतात, जाळी लावावी लागेल. महाबळेश्वरच्या बागांतही झालरीची जात मिळाली तर ती घ्या. मला तर ती चेंडूपेक्षा देखणी वाटते.

रानटी हायड्रेंजिया भारतात पाहायचा तर हिमालयात जावं लागतं. सह्याद्रीत त्याची एकही मूळची जात नाही. उत्तराखंडात दोन हजार मीटरच्या वरच्या ओकच्या रानात हेटेरोमाला नावाचा उंच, पांढऱ्या झालरीचा हायड्रेंजिया दिसतो. काही ठिकाणी झाडाच्या खोडाला चिकटून चढणारा वेलासारखा ॲनोमालाही. सिक्कीम-दार्जिलिंगकडे फेब्रिफ्यूगा नावाचं एक कमरेएवढं झुडूप आढळतं. त्याच्या झळाळत्या निळ्या फळांमुळे ते लगेच ओळखू येतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याला वेगळ्या प्रजातीत धरत; आता जनुकांच्या अभ्यासानंतर ते हायड्रेंजियात आलं. चिनी वैद्यकात हिवतापावर ते फार जुन्या काळापासून वापरतात. आपल्याकडून ट्रेकला जाणाऱ्यांची संख्या मोठी, म्हणून सांगतो: फोटो काढा, रोप उपटू नका. दोन हजार मीटरवरचं ते झाड तुमच्या गच्चीत एक मे महिना काढणार नाही.

आणि शेवटचा मुद्दा महाबळेश्वर-पाचगणीत बंगले असणाऱ्यांसाठी. अटलांटिक महासागरात पोर्तुगालची अझोरेस बेटं आहेत. तिथे एकोणिसाव्या शतकात शेतांच्या बांधांना कुंपण म्हणून मॅक्रोफिला लावला गेला. हवा ओली, माती ज्वालामुखीची, आम्ल; त्याला रान मोकळंच मिळालं. फायाल बेटाला त्याच्यावरून 'निळं बेट' म्हणतात, पर्यटक त्याचे फोटो काढायला जातात, आणि त्याच वेळी तिथल्या मूळ वनस्पतींच्या जागेवर अतिक्रमण करणारी आक्रमक जात म्हणून त्याची नोंद आहे. महाबळेश्वरलाही पाऊस प्रचंड, हवा ओली, माती आम्ल. ओल्या मातीला टेकलेली हायड्रेंजियाची फांदी आपोआप मुळं धरते. आजवर इथे अझोरेससारखं घडलेलं नाही म्हणून पुढे घडणारच नाही, असं समजू नये. घाणेरीही शोभेसाठीच आणली होती, आज ती डोंगरच्या डोंगर व्यापून आहे. हा सगळा प्रदेश २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. तेव्हा हायड्रेंजिया घराजवळ, अंगणात लावा. रानाला लागून असलेल्या कुंपणाशी भूतकेस, कारवी, अंजनी अशी इथलीच झाडं असू द्या. छाटलेल्या फांद्या ओढ्यात किंवा गडग्यापलीकडे फेकू नका. उन्हात पूर्ण वाळवा, मग खतखड्ड्यात टाका. माळ्यालाही हे एकदा समजावून सांगा, कारण फांद्या फेकणारा हात बहुतेक वेळा त्याचा असतो.